ट्रकचं नाव काढायचं नाही

"जरा चालून दाखवा," साहेब म्हणाले.

"कुठं?"

"इथंच. दारापासून टेबलापर्यंत. बघू दे, किती लंगडता ते."

माजी सैनिकांची कामं बघणारं ते कार्यालय. टेबलामागचे साहेब स्वतः निवृत्त अधिकारी. भिंतीला लागून बाकं, बाकांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मी काठी टेकून उठलो तर म्हणाले, "काठी ठेवा. काठी घेतली की कोणीही लंगडतं."

काठी माझ्या बायकोच्या, कमलच्या हातात दिली. चाललो. माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. खुब्याचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं. पाऊल टाकलं की अख्खं अंग डावीकडं पडतं, मग मी ते ओढून सरळ करतो. काठी नसली की हात हवेत जातो, काहीतरी धरायला. बाकावरची माणसं बघत होती. कमल बघत नव्हती. ती काठीची मूठ पदरानं पुसत होती. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"हे फौजेतलंच कशावरून?" साहेब म्हणाले. "गावाकडं बैलानं मारलं असेल. लहानपणचा पोलिओ असेल."

"पोलिओ असता तर भरती कसं केलं असतं, सर?"

"उलट बोलू नका." मग कागद पुढं ओढला. "आडनाव काय म्हणालात?"

मी परत सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. ते पेन थांबणं मी शाळेपासून ओळखतो.

"मग तुम्हाला दुसरीकडून पण मिळत असेल ना. तुम्हा लोकांना सवलती काय कमी आहेत?"

बाकावरचे सगळे फौजीच. एक जण खाली मान घालून हसला. आणि मी काय म्हणालो? "नाही सर, काही मिळत नाही." जणू त्यांनी साधा प्रश्न विचारला होता आणि मी साधं उत्तर देत होतो.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत वाढलो, आजही तिथंच राहतो. वडील मराठवाड्यातून आलेले, गोदीत हमाली करायचे. म्हणायचे, पोरा, वर्दी घाल. वर्दीतल्या माणसाला पाणी द्यायचं तर कुठल्या भांड्यानं, हे कोणी बघत नाही. मी भरती झालो त्या दिवशी त्यांनी विहाराच्या ओट्यावर बसून सगळ्या आळीला चहा पाजला.

तीसेक वर्षं होऊन गेली त्याला. बर्फाच्या मुलखात आमची छावणी होती. खालच्या गावातून वर येणारा रस्ता बंद केलेला, नाक्यावर बांबू आडवा टाकलेला. आमचे कॅप्टनसाहेब नुकतेच बदलून आले होते. त्यांचं घरचं सामान खाली अडकलं होतं आणि दोन दिवसांनी बाईसाहेब यायच्या होत्या. साहेबांनी मला बोलावलं. गाडी काढ, सामान घेऊन ये.

मी म्हटलं, "साब, रास्ता बंद है."

ते म्हणाले, "मैंने पूछा क्या?"

सामान भरलं. येताना एका वळणावर मागचं चाक सरकलं आणि ट्रक दरीत गेला. मी केबिनखाली सापडलो. बर्फावर बशा, कप, उशा, पडदे, सगळं सांडलेलं. एक आरामखुर्ची तेवढी खालच्या नाल्याच्या काठाला सरळ उभी राहिली होती. माणसं येईपर्यंत मी त्या खुर्चीकडं बघत पडलो होतो. दुसरीकडं मान वळत नव्हती.

मग दवाखाना. कितीतरी महिने पाय टांगलेला, पायाला वजन बांधलेलं. कॅप्टनसाहेब एकदाच आले, संत्री घेऊन. म्हणाले, चौकशी बसली तर पहिलं नाव ड्रायव्हरचं येतं. बंद रस्त्यावर गाडी कुणी घातली? तू. जेलमध्ये जाशील. त्यापेक्षा मला घरी जायचंय असं लिहून दे, बाकीचं मी बघतो.

कागद इंग्रजीत होता. मी बाविशीतला पोरगा. सही केली. जखमी फौजीचं अपंगत्व ठरवणारं मेडिकल बोर्ड म्हणून जे काय असतं ते माझं झालं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. एक डॉक्टर आले, पाय उचलून बघितला, गेले. मला 'स्वतःच्या विनंतीवरून' घरी पाठवलं. पेन्शन नाही. वडील स्टेशनवर आले होते. माझी चाल बघून त्यांनी माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि डोक्यावर ठेवली. घरापर्यंत ती खाली उतरवली नाही.

पुढं मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर लागलो, तो बंद पडल्यावर इमारतींच्या गेटवर. माजी सैनिक असला की गेटवर लंगडाही चालतो. सव्वीस जानेवारीला सोसायटीवाले मला झेंड्यासमोर कडक सॅल्यूट मारायला लावायचे, फोटो काढायचे. सत्तावीसला म्हणायचे, लिफ्ट रहिवाशांसाठी आहे. मी जिन्यानं पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला गच्चीवर जायचो.

आता खुबा पार गेला. डॉक्टर म्हणाला, सांधाच बदलावा लागेल. फौजेचा दवाखाना पेन्शनवाल्यांचा, आपल्याला दार नाही. नोकरी सुटली. आमचं घर टेकडीच्या अगदी वर. पायऱ्या उभ्या, अरुंद, मधे मधे तर नुसता सिमेंटचा उतार. संडास खाली. सकाळी कमल पुढं, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं, असे उतरतो. परत वर आलो की माझा दिवस संपला. मग पत्र्याखाली बसायचं. दारातून खालचं सगळं दिसतं. मेट्रो जाते. बायका भाजी घेऊन येतात. ज्यांना खेळवलं ती पोरं ऑफिसला जातात. मला सगळं दिसतं, आणि मी कुठंच जाऊ शकत नाही. कमल लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जाते तेव्हा बाहेरून कडी लावून जाते, कुत्री आत येतात म्हणून. ती कडी लागल्याचा आवाज आला की मी उतरणारी तिची पावलं मोजत बसतो. तिला हे सांगितलेलं नाही.

म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. रेकॉर्ड ठेवणाऱ्या कचेरीचं उत्तर आलं. जे पेन्शनवर जात नाहीत त्यांची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. तुमचीही केली आहेत. दवाखान्याला लिहिलं. तिथंही जुनं काही ठेवलेलं नाही.

मला पेन्शन नव्हती म्हणून माझे कागद नष्ट केले. आता कागद नाहीत म्हणून पेन्शन नाही. मी हे कमलला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आधी काय मिळवायचं असतं?"



तर त्या दिवशी मला चालवून झाल्यावर कार्यालयातल्या साहेबांनी एक वाट दाखवली. "त्या वेळचा तुमचा अधिकारी शोधा. तो लिहून देत असेल तर बघू. अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन असतं."

माझ्या शब्दाला नसतं, हे त्यात आलंच.

आमच्या पलटणीच्या जुन्या लोकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. सकाळी फुलं, संध्याकाळी तिरंगा. त्यात विचारलं तर एका हवालदारानं लगेच कळवलं. तेव्हाचे कॅप्टन पुढं कर्नल होऊन निवृत्त झाले, अंधेरीला राहतात, रविवारी मनोरीच्या बंगलीवर असतात. जा, साहेब दिलदार आहेत, म्हणाला.

गेलो. कमल बरोबर होती. रिक्षानं मालाड, तिथून बसनं मार्वे, मग होडी. मनोरीच्या धक्क्यावर उतरताना पाय उचलेना. मागं माणसं खोळंबली. एका कोळणीनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, माझ्या दंडाला धरलं आणि मला वर ओढून घेतलं. काही विचारलं नाही. टोपली उचलून चालू लागली.

बंगलीच्या व्हरांड्यात पाहुणे होते. जेवणं व्हायची होती, हातात ग्लास. कर्नलसाहेबांचे केस पांढरे झालेले, बाकी तसेच. मला बघून दोन्ही हात पसरले आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारली. मी म्हटलं, साब, मेरा नाम वो नहीं. माझं नाव सांगितलं. "हां हां, तेच," ते म्हणाले. कमलला त्यांनी मागच्या पायरीवर बसायला सांगितलं, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिच्यात आणि व्हरांड्यात नुसती एक लाकडी जाळी होती.

मला बसायला सांगितलं नाही. मी खांबाला टेकलो.

"हाच तो," कर्नलसाहेब पाहुण्यांना म्हणाले. "आरामखुर्चीवाला ड्रायव्हर."

पाहुण्यांचे चेहरे उजळले. त्यांना गोष्ट माहीत होती. एक बाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा ना. आता तर हा पण आहे."

आणि त्यांनी सांगितली. इतकी वर्षं कोणी मला विचारलं नव्हतं त्या दिवशी काय झालं, आणि ते माझ्यासमोर उभं राहून घडाघडा सांगत होते. रस्ता बंद होता. बाईसाहेब येणार होत्या. घरात चहाला कप नाही. "मी याला म्हटलं, मला रस्ता-बिस्ता माहीत नाही, सामान पाहिजे. आणि हा पठ्ठ्या गेला की. जाऊन सगळं घेऊन आला, आणि सगळं घेऊन दरीत." हशा. बायकोच्या माहेरचा डिनर सेट कसा गेला, एक बशी धड राहिली नाही. "आणि खुर्ची मात्र सरळ उभी. जशी काही कोणी येऊन बसणार आहे." पाहुण्यांना हसू आवरेना. एकानं डोळे पुसले.

साहेब माझ्याकडं वळले. "काय रे, खरं की नाही?"

"जी साब," मी म्हटलं.

पुन्हा हशा. सगळं होतं गोष्टीत. बर्फ होतं, बशा होत्या, खुर्ची होती. माझा पाय नव्हता. मी त्यांच्यासमोर त्याच पायावर उभा होतो आणि त्यांच्या गोष्टीत तो नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना तरी लोक जरा आवाज खाली घेतात.

त्यांची जेवणं झाली. आम्हाला मागच्या पायरीवर ताटं दिली, पापलेट होतं. कमलनं तिचं ताट तसंच ठेवलं.

मग साहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी काम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "देतो की लिहून. त्यात काय मोठं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं. त्यांनी स्वतःच्या नावाचा छापील कागद काढला, चष्मा लावला, इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. गस्तीवर असताना बर्फावरून पाय घसरून पडला. डाव्या खुब्याला गंभीर दुखापत. खाली सही, हुद्दा.

"साहेब, ट्रक?"

"ट्रक कशाला मधे? ट्रक आला की गाडी कुणाच्या हुकमानं निघाली, कशासाठी निघाली, सगळं आलं. हे साधं आहे. पाठ करून ठेव. बोर्डासमोर हेच बोलायचं. ट्रकचं नाव काढायचं नाही."

ते पुढं बोलत होते. "आणि घरी बसून काय करतोस? इथं ये राहायला. मागं खोली आहे. तू गेटवर बस, बायको स्वयंपाकघरात बघेल."

कागद टेबलावर होता. माझा हात त्याच्याकडं गेला होता, खोटं कशाला बोलू. त्या कागदात माझा खुबा होता. जमिनीवरची खोली होती, आणि घरातच संडास. कमलच्या खांद्याला आराम होता. एक वाक्य पाठ करायचं, एवढंच. मी जन्मभर याहून मोठी वाक्यं गिळली होती.

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात कोणीतरी उशिरा आलेल्याला सांगायला लागलं, "अरे तू चुकवलंस. ट्रक खाली, आणि खुर्ची सरळ उभी." आणि ते परत हसले.

तिथं माझं डोकं लख्ख झालं. ट्रक त्यांना चालत होता. जेवायच्या आधी, ग्लास हातात घेऊन, पाहुण्यांना हसवायला चालत होता. मी तो माझ्या पायासाठी मागितला की चौकशी येत होती. माझ्या अंगावर पडलेला ट्रक माझा नव्हता. त्याची गोष्ट त्यांची होती, आणि तिच्यात मला "जी साब" एवढंच बोलायचं होतं. कागद घेतला असता तर उरलेलं आयुष्य तेच बोलत राहिलो असतो. बोर्डासमोर, गेटवर, मागच्या खोलीत.

"मी गस्तीवर नव्हतो," मी म्हटलं. "मी तुमचं सामान आणत होतो."

त्यांनी चष्मा काढला. "मग हा कागद नाही मिळणार."

"नको."

"मूर्ख आहेस. दुसरं काय आहे तुझ्याकडं?"

सवयीनं हात कपाळाकडं निघाला होता. तो मी खाली घेतला आणि बाहेर आलो.

होडीत बसल्यावर कमल म्हणाली, "काय झालं आत?" मी सांगितलं. तिनं तोंड खाडीकडं फिरवलं. मग म्हणाली, "तुमच्या मानावर दवाखान्यात सांधा बदलून देतात का?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी पुढं झाली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही उतरलो. अर्ध्या उतारावर ती थांबली. मला वाटलं दमली. ती मागं न बघता म्हणाली, "बशा मोजून सांगितल्या त्यानं. मी ऐकत होते."

आमच्या वस्तीत एक वकीलबाई राहतात, विहाराच्या मागच्या गल्लीत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "काका, दोन्हीकडून भिंत आहे. ट्रक लपवला तर तुमच्याकडं पुरावा नाही. ट्रक सांगितला तर सरकारी वकील म्हणणार, सामान खाजगी होतं, मग ही ड्युटी कसली?"

मी म्हटलं, "मला हुकूम मिळाला होता. हुकूम मिळाला की माझ्यासाठी ती ड्युटी. सामान कुणाचं, हे विचारायचा मला अधिकार होता का? मी रस्ता बंद आहे एवढं बोललो तर काय ऐकून घेतलं ते लिहा."

त्यांनी लिहून घेतलं. "साक्षीदार?"

"मी," कमल म्हणाली.

"तुम्ही तेव्हा तिथं नव्हता, मावशी."

"तिथं नव्हते. मनोरीला होते. त्याच्या तोंडून ऐकलंय. रस्ता बंद होता, मी याला पाठवलं, असं तो म्हणाला."

"बायकोची साक्ष फारशी धरत नाहीत."

"धरू दे नाहीतर नको. लिहा तुम्ही. त्या पाहुण्यांना पण बोलवा म्हणावं. त्यांनी पण ऐकलंय."

वकीलबाईंनी विचारलं, अधिकाऱ्याचं नाव घालायचं ना? नंतर मागं घेता येणार नाही. मी म्हटलं, पूर्ण नाव घाला, हुद्द्यासकट.

सैनिकांच्या लवादात प्रकरण दाखल झालं. कर्नलसाहेबांना नोटीस पोचली त्याच आठवड्यात मला पलटणीच्या ग्रुपमधून काढून टाकलं. त्या हवालदाराचा फोन आला. म्हणाला, साहेबांची बदनामी करतोस, त्यांनी तर तुला नोकरी देऊ केली होती, तुम्हा लोकांना किती करा, कमीच. ज्याच्याबरोबर मी एका ताटात जेवलो होतो त्याच्या तोंडात 'तुम्हा लोकांना'. मी त्याला म्हटलं, "हे पण लवादासमोर येऊन बोल." फोन ठेवला.

पहिली तारीख पुढं गेली. दुसरीही गेली. सरकारी बाजूचं म्हणणं यायचंय. पाहुण्यांपैकी कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. माझा खुबा निकालापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणत नाही. मी अजून टेकडीवरच आहे, सकाळी उतरतो, चढतो, पत्र्याखाली बसतो. काही सुटलेलं नाही.

पण एक ठरलंय. मला मदत म्हणून काही नको. कोणाचा दिलदारपणा नको. माझी नोंद हवी. एक माणूस होता, त्याला बंद रस्त्यावर कपबशा आणायला पाठवलं, कोणी पाठवलं, आणि त्याचा पाय गेला. ती सरकारच्या कागदावर, माझ्या नावानं. इथं हरलो तर वरच्या कोर्टात जाईन. उचलून न्यावं लागलं तर उचलून न्या म्हणेन. ज्या ज्या टेबलासमोर मला उभं करतील तिथं मी आधी ट्रकचं नाव काढणार, आणि मग कर्नलसाहेबांचं.